मासे, मेघ आणि मेगावॉट

मासेमारीच्या सहलीचा बेत आखणारा माणूस आधी तारीख ठरवतो. मग रजा, मग सोबती, मग होडी, मग डब्यात काय न्यायचं यावर चर्चा (ही सगळ्यात लांबते आणि सगळ्यात फलदायी ठरते), आणि उरलासुरला वेळ मिळालाच तर नदीत पाणी किती असेल हा प्रश्न. अमेरिकेत आर्कान्सा राज्याच्या उत्तर भागात, ओझार्कच्या डोंगराळ मुलखात, सपाट बुडाच्या लांबट होडीत बसून प्रवाहाबरोबर खाली जात राहायचं आणि वाटेत गळ टाकत राहायचं, ही फार जुनी हौस आहे. तिथल्या हौशी माणसाने तारीख आधी ठरवली तर माझी तक्रार नाही. रजा साहेबाच्या हातात असते, आणि साहेबाला वळवण्यापेक्षा नदी वळवणं सोपं. तक्रार आहे ती तारखेबरोबर नदीही पक्की करून टाकण्याची. तारीख खुशाल ठरवावी; नदी मात्र आदल्या रात्रीपर्यंत ठरवू नये.

हे म्हणायला आधार आहे तो दोन शेजारणींचा. बफेलो आणि व्हाइट या दोन नद्या याच भागात वाहतात आणि बफेलो शेवटी व्हाइटलाच जाऊन मिळते. पण स्वभाव असे की एकीचं दुसरीशी पटू नये. बफेलोवर धरण नाही. ते बांधायचा बेत लष्कराच्या अभियंता दलाने पुष्कळ दिवस बाळगला होता, विरोधही पुष्कळ झाला, आणि 1972 साली तिला राष्ट्रीय नदीचा दर्जा मिळाल्यावर तो विषय मिटला. त्यामुळे या नदीचा मालक पाऊस. उतार तीव्र, जमीन खडकाळ, मातीचा थर पातळ. सर पडली की नदी काही तासांत चढते आणि काही दिवसांत उतरते. वरच्या अंगाला पॉन्का गावाजवळ एक ठेंगणा पूल आहे. होडी घालावी की नाही हे ठरवताना तिथले लोक पाणी किती आहे ते विचारतच नाहीत. पुलाखाली किती इंच मोकळी जागा उरली आहे ते विचारतात. नसलेल्या पाण्यावरून असलेलं पाणी मोजायची ही रीत मला फार आवडते. जागा फार उरली तर होडी डोक्यावर घेऊन चालायची तयारी ठेवावी, अजिबात उरली नाही तर घरी बसून डबा खावा.

व्हाइट नदीचा मालक वेगळा. तिच्यावर 1950च्या सुमाराला बुल शोल्स धरण उभं राहिलं, त्यात आठ जनित्रं आहेत, आणि तिथली वीज आसपासच्या राज्यांतल्या सार्वजनिक वीजसंस्थांना नि सहकारी संस्थांना जाते. जलविद्युतेचा गुण असा की ती मिनिटांत सुरू होते. कोळशाच्या भट्टीला तापायलाच तास लागतात. म्हणून मागणी एकदम वाढली की अशा धरणांना हाक जाते. त्याचा अर्थ असा, की ऑगस्टमधल्या दुपारी दूरच्या गावात कुणी घामाघूम होऊन एसीचं बटण दाबतो आणि कंबरभर पाण्यात गळ घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या छातीला पाणी लागतं. दोघांची ओळख नाही, भांडणही नाही. या नदीवर जाणाऱ्याने आकाशाकडे बघून उपयोग नाही. परगावचा उकाडा बघावा. गंमत म्हणजे त्याला हवा असलेला मासाही याच धरणाचा. तलावाच्या तळातलं गार पाणी खाली सुटू लागलं तेव्हा तिथल्या मूळच्या स्मॉलमाउथ बासला ते मानवलं नाही. मग मत्स्यबीज केंद्रांतून ट्राउट आणून सोडला आणि तो तिथे बाळसं धरून राहिला. धरणाच्या खाली वसलेलं कॉटर हे गाव तर स्वतःला ट्राउटची राजधानी म्हणवून घेतं. तेव्हा वीज केंद्राच्या नावाने बोटं मोडणारा मासेमार ज्या माशासाठी आलेला असतो, तो त्या केंद्राचाच मिंधा असतो.

आता खरी गोम. वसंतात मोठा पाऊस झाला की बफेलो तांबडी होऊन झाडं वाहून आणते. त्याच वेळी व्हाइट नदी पुष्कळदा अगदी शांत, उथळ असते, कारण खाली न्यूपोर्टजवळ पूर चढू नये म्हणून धरणवाले पाणी अडवून धरतात. पुढे आभाळ निवळतं, पाखरं गाऊ लागतात, आणि साठलेलं पाणी सोडायला सुरुवात झाली की व्हाइट आठवडेच्या आठवडे दुथडी वाहते. तोवर बफेलो उतरत हिरवट, नितळ झालेली असते, आणि उतरतं पाणी स्मॉलमाउथ बासला मानवतं. म्हणजे एक नदी बिघडते तेव्हा दुसरी बहुधा ठीक असते. असं असताना तीन महिने आधी एकाच नदीच्या एकाच टप्प्याचं आगाऊ भाडं भरून मोकळं होणं याला उत्साह म्हणता येईल, नियोजन म्हणवत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो मोबाइलवाल्यांचा. नदीचा आकडा घरबसल्या दिसतो, वीजनिर्मितीचं वेळापत्रकही जाहीर होतं, मग एवढा घोळ कशाला? आकडे दिसतात हे खरंच, आणि अमेरिकेला त्याची सवय जुनी आहे. तिथल्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने पहिलं प्रवाहमापन केंद्र न्यू मेक्सिकोत 1889 सालीच बसवलं. पण आकडा सांगतो तो आत्ताचा, आणि वेळापत्रक सांगतं तो इरादा. एखादं दुसरं वीज केंद्र बंद पडलं की इरादा बदलतो. आकडे वाचायला तर आपलीही माणसं कमी नाहीत. पावसाळाभर पुणेकराला खडकवासल्याचा विसर्ग क्युसेकमध्ये तोंडपाठ असतो, फक्त त्याला मासे धरायचे नसतात. भिडे पूल पाण्याखाली जाण्याआधी नदीपात्रातली गाडी हलवायची असते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटरच्या वर पाणी, हे माहीत नसूनही त्याचं काही अडत नाही. आकडा कामाला लावायचा तर त्यावर काहीतरी बदलायची तयारी लागते: पुणेकर गाडीची जागा बदलतो, मासेमाराने नदी बदलावी. कोलाडवाल्यांनी हे जाणलेलं आहे. मुळशीचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीज केंद्रात उतरतं, तिथून कुंडलिकेत येतं आणि त्यावर राफ्टिंग चालतं. त्यामुळे सुटीच्या दिवशीही पर्यटकाला पाण्याच्या वेळेला, म्हणजे सकाळी हजर राहावं लागतं. पाण्याला पर्यटकाची वेळ कुणी विचारत नाही.

दुसरा आक्षेप जाणत्यांचा, आणि तो वजनदार आहे. भरल्या पाण्यातही मासा लागतोच की! लागतो. कडक थंडीत तलावातले शॅड नावाचे छोटे मासे गारठून मरतात, जनित्रांच्या पाण्याबरोबर खाली येतात आणि त्या आयत्या जेवणावर मोठमोठे ब्राउन ट्राउट तुटून पडतात. तेव्हा चढतं पाणी ही मेजवानीच. पण त्याला जड शिसं लागतं, इंजिनाची होडी लागते आणि ती काठाकाठाने धरून ठेवणारा वाटाड्या लागतो. वल्ह्याची होडी आणि नाजूक गळ घेऊन निघालेल्याला ती मेजवानी लांबून बघता येईल. तिसरा आक्षेप तत्त्वज्ञांचा: मासेमारी म्हणजे संयम, मिळेल त्या पाण्यात बसावं. संयम माशासाठी ठेवावा. चुकीच्या नदीवर संयम दाखवणाऱ्याला मासे काही पदक देत नाहीत.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. धरणाखाली जनित्रं सुरू होताना भोंगा वाजतो, पण तो काही मैल खाली ऐकू येत नाही, आणि पाणी मात्र तिथवर पोचतंच. मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसला, पाण्यावरून पानं-काटक्या वाहत येऊ लागल्या, धारेचा आवाज बदलला, तर गळाला काय लागलंय ते बघत बसू नका. दोर कापा आणि काठावर या.