नवशिक्यांसाठी सुलभ

माझी पहिली तक्रार समुद्राबद्दल आहे. तो वेळेवर येतो.

परंड्याच्या माणसाला हे पचायला जड जातं. आमच्याकडं पाण्याच्या वेळा ठरलेल्या असतात आणि पाणी इतर वेळी येतं. नळाचं तेच, टँकरचं तेच, पावसाचंही तेच. मालवणात मात्र भरती साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी पुन्हा हजर. रोज पन्नासेक मिनिटं उशीर करते, पण तो उशीरसुद्धा आधी कळवलेला असतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. पंचांग बघून कुणीही सांगावं. त्यासाठी कुणी अर्ज केलेला नाही, तहसीलवर मोर्चा नेलेला नाही, घागरी फोडलेल्या नाहीत. आणि एवढं वक्तशीर पाणी पिता येत नाही.

तर या समुद्रात, मालवण बंदराच्या आडोशाला, ‘नवशिक्यांसाठी सुलभ कयाकिंग’ असतं हे आमच्या मुलीला पुण्यात बसून कळलं आणि तिनं आम्हा दोघांचे पैसे भरून टाकले. भरलेले पैसे परत मिळत नाहीत. ही तक्रार नव्या पिढीबद्दलची असल्यामुळं इथं वाढवत नाही. परंड्याहून निघायचं, कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज, कोल्हापूर करायचं आणि मग घाट उतरायचा. अंग आंबून पोचल्यावर निरोप मिळाला, ‘सकाळी सहाला या, नंतर वारा सुटतो.’

दिवसा समुद्राकडून जमिनीकडं खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडं मतलई वारे, हे मी शाळेत पाठ केलं होतं. परंडा तालुक्यात ते का शिकवतात हा प्रश्न तेव्हाही पडला होता, पण दोन गुण होते, म्हणून विचारला नाही. त्या दोन गुणांची वसुली एवढ्या वर्षांनी पहाटे सहाला झाली.

आधी फॉर्म. नाव, वय, रक्तगट, जवळच्या नातेवाइकाचा फोन. जवळची नातेवाईक शेजारीच उभी होती आणि तीही तोच फॉर्म भरत होती. तिनं माझा नंबर लिहिला, मी तिचा. खाली बारीक अक्षरात होतं की इजा, नुकसान किंवा मृत्यू यांस मी स्वतः जबाबदार राहीन. ‘सुलभ’ मात्र वर ठळक छापलेलं. ‘पोहता येते का?’ या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं. माझं पोहायला शिकायचं वय १९७२च्या दुष्काळात निघून गेलं. विहिरी होत्या, त्यांत उडी मारण्यासारखं काही नव्हतं. फॉर्म घेणारा मुलगा म्हणाला, ‘चलता काका, जाकीट असा.’ चालत होतं, तर विचारलं कशाला?

मग त्यानं ‘पाण्याक घाबरता?’ म्हणून विचारलं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना आमच्या तालुक्यातल्या गावांत शिरली, माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. पाणी आम्हाला अगदीच अनोळखी नाही. बरीच वर्षं तोंड दाखवत नाही आणि मग एकदम घरात येतं. त्या वेळी आमच्याकडून कुणी फॉर्म भरून घेतला नव्हता.

जाकीट ओलं होतं. दिवसाची पहिली तुकडी आमची. मग ते ओलं कुणी केलं, याचा खुलासा झाला नाही. कयाकच्या तळाला भोकं होती. मी लक्षात आणून दिलं. मुलगा म्हणाला, ती मुद्दाम ठेवलीत, आत आलेलं पाणी निघून जायला.

‘आत येतं कुठून?’

‘थंयसूनच.’

कयाक ही मूळची ध्रुवाकडच्या इन्युइट शिकाऱ्यांची होडी. वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून शिवलेलं सीलचं कातडं, आणि माप शिकाऱ्याच्या अंगाचं: त्याच्या हातांची लांबी, त्याच्या कमरेची रुंदी. शिंप्यानं सदरा बेतावा तशी होडी बेतायची. बर्फातल्या माणसाचं असं माप घेतात आणि परंड्याहून आलेल्या माणसाला नुसतं ‘बसा काका, मावतात सगळे’.

बसण्याआधी ती पाण्यापर्यंत न्यायची होती. समुद्र वेळेवर येतो तसा वेळेवर जातोही, आणि आमच्या वेळेला तो गेलेला होता. ओली वाळू, दोन माणसांची कयाक, ओढायला पुढं एक दोरी. आमच्या गावाला अवजड सामान हलवण्याचा इतिहास आहे. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली ५५ टनांची मुलूखमैदान तोफ परंड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ मध्ये ती विजापूरला नेली. त्या कामाला चारशे बैल आणि दहा हत्ती लागले म्हणतात. ज्यांनी ती नेली त्यांनी निदान बैलांची सोय केली होती.

हलक्या माणसानं पुढं आणि जड माणसानं मागं बसायचं, असा नियम निघाला. कोण जड हे ठरवताना वजनकाटा वापरला गेला नाही, नुसतं बघून ठरवलं. पुढच्यानं ठेका धरायचा, मागच्यानं त्याच ठेक्यात वल्हं मारायचं आणि होडीची दिशाही सांभाळायची. म्हणजे ठेका हिचा आणि जबाबदारी माझी. ही व्यवस्था मला नवी नव्हती. फक्त आजवर ती कोरड्या जागी होती.

‘अहो, उजवीकडं घ्या की.’

‘उजवीकडंच मारतोय.’

‘म्हणून तर डावीकडं चाललोय!’

उजवीकडं वळायचं तर डावीकडं वल्हवायचं, असं त्यांचं शास्त्र आहे. वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं. एक पातं पाण्यात असताना दुसरं वर असतं आणि वरच्या पात्यावरचं पाणी दांड्यावरून ओघळत आपल्या कोपरात, तिथून बाहीत, तिथून काखेत येतं. हे थांबवायला दांड्यावर रबराची कडी असते. आमच्या वल्ह्याला एका बाजूला होती.

मतलई वारा अजून चालू होता, त्यामुळं जाताना होडी आपोआप सरकत होती. ‘बघा, किती सोपा असा,’ मुलगा ओरडून सांगत होता. परत यायचंही याच वाऱ्यातून होतं, याबद्दल तो काही ओरडला नाही.

समोर सिंधुदुर्ग. १६६४ साली कुरटे बेटावर महाराजांनी काम सुरू केलं, चहूबाजूंनी खारं पाणी, आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. आमचा भुईकोट चांगला जमिनीवर आहे, भोवती खंदक आहे, आत बारव आहे. तिला साखर सोडा, ताकाचंही नाव कुणी दिलेलं नाही. समुद्रात बांधलेल्या किल्ल्याला गोडं पाणी लागावं, यात मला सरळसरळ कोकणाला झुकतं माप दिसतं. महाराजांबद्दल तक्रार नाही. पाण्याबद्दल आहे.

हा विचार चालू असताना आठ-नऊ वर्षांचं एक पोरगं पोहत आमच्या होडीला वळसा घालून गेलं. इथल्या चिवला किनाऱ्यावर दरवर्षी समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा होतात, त्यामुळं पोरांना समुद्र म्हणजे अंगण वाटतो. ते परत फिरलं आणि होडीला हात टेकून म्हणालं, ‘काका, खंयचे तुम्ही?’

‘परंड्याचे.’

‘ता खंय आसा?’

‘धाराशिव जिल्हा.’ चेहऱ्यावर काही उमटलं नाही. ‘पूर्वीचा उस्मानाबाद.’ तरीही नाही. शेवटी मी ‘सोलापूरच्या पुढं’ म्हणालो. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, पण बाहेरगावी आम्ही सोलापूरच्याच पुढं राहिलो.

परतताना माझे खांदे गेले. हिचे गेले नाहीत, कारण ती ठेका धरत होती आणि वारा अंगावर असताना ठेका विलंबित घ्यावा असं तिचं मत पडलं. किनाऱ्यावर मी तक्रारवही मागितली. मुलानं मोबाइल पुढं केला: पाच तारे त्यानं आधीच दाबून ठेवले होते, फक्त दोन ओळी लिहायच्या होत्या. माझ्या बोटांना मीठ लागलेलं, काचेवर काही उमटेना. मी मुद्दे मनात जुळवत होतो, जाकिटापासून सुरुवात करावी की भोकांपासून, तेवढ्यात हिनं मोबाइल घेतला आणि लिहून टाकलं, ‘खूप छान. आमच्या यांना फारच आवडलं.’