टपावरचे साणे

बीव्हर्टन, ओरेगन
दि. १२ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप बाबांचे चरणी,

बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. आपले पत्र पावले. कुशलाच्या दोन ओळी संपतात न संपतात तोच, एस. टी.च्या कार्यशाळेतील तीस वर्षांच्या सवयीस अनुसरून, 'धडधाकट बसच्या टपाला भोक का पाडले, केवढे पाडले, आणि ते गळते काय' असा जो तीनकलमी खुलासा आपण मागितला आहे, तो वाचून, आपण पेन्शनीत निघालात ही वार्ता महामंडळाच्या दप्तरी रीतसर नोंदली गेली असली तरी आपल्या स्वभावास ती अद्याप बजावण्यात आलेली नाही, अशी माझी खात्री झाली. कलमवार उत्तर देतो. तिसऱ्या कलमास मात्र उद्या सकाळपर्यंत मुदत असावी. आज रात्री पाऊस पडेल असे वेधशाळेचे भाकीत आहे आणि त्या पुराव्यावाचून मी काही लिहिले तर आपण ते दाखल करून घेणार नाही, हे मी जाणतो.

प्रथम बसची हकिकत. ती एका शाळेच्या चाकरीतून निवृत्त होऊन लिलावात आली तेव्हा अंगावर तोच पिवळा गणवेश होता, जो १९३९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील टीचर्स कॉलेजात फ्रँक सायर या प्राध्यापकांनी भरविलेल्या परिषदेने साऱ्या देशातील शालेय गाड्यांसाठी मुक्रर केला. पहाटेच्या अंधुक उजेडात त्या रंगावरील काळी अक्षरे चटकन वाचता येतात, हे त्याचे कारण. शाळेची चाकरी सुटली की अनेक राज्यांत हा गणवेशही उतरवावा लागतो. आम्ही तिला लाल रंग दिला. इकडच्या शेजाऱ्यांना तीत आगीचा बंब दिसतो. आपण छायाचित्र पाहताच 'अरे, हा तर आपला लाल डबा' म्हणालात, आणि घरात तेच नाव कायम झाले.

आता पहिले कलम. मागे एकदा, १०१ क्रमांकाच्या महामार्गाने अस्टोरियाहून दक्षिणेस समुद्रकाठाने जात असता, पाऊस लागल्यामुळे आम्ही एका तळावर मुक्काम केला, खिडक्या घट्ट लावून घेतल्या, आणि 'एवढ्या गारठ्यात गरम आमटीभात हवा' असा ठराव एकमताने संमत झाल्यावर आपल्या सूनबाईंनी, आईने धाडलेल्या लवंगी मिरच्यांपैकी चार मिरच्या लसणीसह कढत तेलात सोडल्या. पुढील अर्ध्या मिनिटात जे घडले त्याचा पंचनामा करण्यास त्या बसमध्ये डोळे उघडे असलेला एकही पंच शिल्लक नव्हता. खाट उठला, चौघांनाही ठसका लागला, धुराची वर्दी देणारे यंत्र किंचाळू लागले, आणि आम्ही सहकुटुंब भर पावसात दाराबाहेर खोकत उभे असताना शेजारच्या तळावरील एक वृद्ध गृहस्थ पायांत सपाता आणि हातात आग विझविण्याचे नळकांडे अशा थाटात धावत आले. त्यांना 'आग नाही, फोडणी आहे' हे समजावून देण्यास मला इंग्रजी भाषेत शब्द सापडेना. शेवटी सूनबाईंनी त्यांच्या हाती आमटीची वाटी दिली. त्यांनी एक घोट घेतला, आणि मग तेही आमच्याबरोबर खोकू लागले.

त्या रात्री मला सोलापुराकडील आपल्या धाब्याच्या घराची आठवण झाली. आजीच्या चुलीच्या बरोबर वर धाब्याला जे साणे होते, त्यातून दिवसा उन्हाचा कवडसा उतरे, स्वयंपाकाच्या वेळी धूर चढे, आणि जेवणाच्या ऐन मध्यावर पावसाची सर आली की घरातील सर्वांत धाकटा इसम या नात्याने आपल्याला शिडीवर पिटाळून त्या साण्यावर परात उपडी घालण्यात येई. उतरेपर्यंत आपल्या पानातील भाकरी थोरले काका हस्तगत करीत, ही कैफियत आपण आम्हांस किमान शंभर वेळा ऐकविली आहे. धूर बाहेर जावा आणि पाऊस आत येऊ नये, एवढा एकच प्रश्न त्या साण्यापुढे होता. बाबा, तोच प्रश्न घेऊन मी साडेतीन आठवडे या देशाच्या बाजारपेठेत वणवण केली.

धूर हा त्यातला दिसणारा अपराधी. न दिसणारा अपराधी दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला, जेव्हा खिडक्यांच्या काचांवरून ओघळ वाहत होते, टपाच्या पत्र्याला घाम सुटला होता, आणि थोरल्या मुलाच्या उशाची गणिताची वही लगदा झाली होती (हा शेवटचा प्रकार नैसर्गिक होता की कसे, याची चौकशी चालू आहे). निजलेला माणूस श्वासावाटे आणि घामावाटे रात्रभरात पाव लिटरहून अधिक पाणी हवेत सोडतो. म्हणजे चौघांचे लिटरभर सहज झाले. त्यात शेगडीचा हातभार असा की एक किलो प्रोपेन वायू जळाला म्हणजे सुमारे एक किलो सहाशे ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. वायूतील हायड्रोजनचा हवेतील प्राणवायूशी संयोग होत असल्यामुळे जाळले त्याहून अधिक पाणी पदरी पडते. ही सर्व वाफ थंड पत्र्यास भिडून पुन्हा पाणी होते, आणि ते पाणी आपला जन्माचा वैरी जो गंज, त्याला आमंत्रण देते. गंजाचे नाव निघाल्यावर पहिल्या कलमाबाबत आपली हरकत उरली नसेल, असे गृहीत धरतो.

यावर उपाय म्हणून टपावर हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा असे आम्ही म्हणत होतो, तर त्या नळकांडेवाल्या गृहस्थांनी वातानुकूलन यंत्र बसविण्याचा सल्ला दिला. तेही पंख्याच्याच चौदा इंची भोकात बसते. परंतु त्याची विजेची भूक दीड हजार वॅटच्या आसपास, आणि पंखा पूर्ण वेगातही बारा व्होल्टच्या बॅटरीतून अडीच-तीन अँपिअर, म्हणजे तीस-पस्तीस वॅट घेऊन मुकाट्याने काम करतो. शिवाय ते यंत्र आतलीच हवा गार करून पुन्हा आत सोडते, म्हणजे मिरचीचा खाट कायमच राहता. फक्त थंड झाला असता.

पंख्याचा पक्ष ठरला, तरी कोणता पंखा, यावर घरात जो वाद माजला त्यापुढे पेशवाईतील वतनाचे तंटे फिके पडावेत. साधे झाकण आणि साध्या गतीचा स्वस्त पंखा हा माझा उमेदवार. पाऊस आला की त्याचे झाकण हाताने मिटावे लागते आणि झाकण मिटले की पंख्याचा उपयोग संपतो, या मुद्द्यावर तो पहिल्याच सुनावणीत बाद झाला. थोरल्याने फॅन-टॅस्टिक या नावाच्या पंख्याची वकिली केली, कारण त्याच्या काही नमुन्यांत पावसाचा थेंब ओळखून झाकण आपोआप मिटवून घेणारी योजना असते. सूनबाईंचा कौल मॅक्सफॅनकडे होता, ज्याच्या वरच्या जातीत झाकणच पडवीसारखे पुढे उचलून धरलेले असते, त्यामुळे पाऊस चालू असतानाही पंखा चालू राहतो, आणि वेगाच्या दहा पायऱ्या असतात. धाकटीची अट एकच होती: निजल्या निजल्या चांदण्या दिसल्या पाहिजेत.

मी थोरल्याच्या बाजूला झुकत होतो. जे काम लहानपणी आपण शिडी चढून आणि भाकरी गमावून केले, ते एक दाण्याएवढे यंत्र परस्पर करते, या कल्पनेचा मला मोह पडला होता. परंतु सूनबाईंनी उलटतपासणीत एकच प्रश्न विचारला: 'पाऊस पडू लागला की आपण काय करतो?' थोरला म्हणाला, 'आत येतो.' 'मग?' 'खिडक्या लावतो.' 'मग?' धाकटी म्हणाली, 'भजी.' खटला तेथेच निकालात निघाला. माणसे आत, खिडक्या बंद, कढईत तेल, अशा ज्या घटकेस पंख्याची सर्वांत अधिक गरज, नेमक्या त्याच घटकेस तो थेंब ओळखणारा चाकर 'पाऊस आला, कचेरी बंद' म्हणून कुलूप घालून चालता होणार. मॅक्सफॅन मंजूर झाला. त्याची किंमत तीनशे डॉलरांच्या वर गेली, त्यावर मी नोंदविलेली असहमती इतिवृत्तात घेण्यात आलेली नाही. धाकटीला चांदण्यांसाठी संकटकाळी बाहेर पडण्याची टपावरची मूळची झडप देण्यात आली असून, 'चांदण्या हे संकट नव्हे' हा माझा कायदेशीर आक्षेप तिने फेटाळला आहे.

पंखा बसल्यावर मात्र एक अशी फजिती झाली की जी आपल्याला सांगितल्यावाचून राहवत नाही. बसचा आतला आकार वीस फूट लांब, साडेसात फूट रुंद आणि सहा फूट उंच, म्हणजे बरोबर ९०० घनफूट. आणि पंख्याची ताकदही मिनिटास सुमारे ९०० घनफूट हवा ओढण्याची. म्हणजे दर मिनिटाला सारी हवा नवी, असे गणित मी जेवताना मोठ्या अभिमानाने मांडले. थोरल्याने सर्व खिडक्या लावल्या, पंखा दहाव्या पायरीवर ठेवला आणि पुढच्या टोकाला उदबत्ती पेटवली. उदबत्तीचा धूर सरळ वर गेला आणि छताखाली निवांत तरंगत राहिला. पंखा घाटात पहिल्या गिअरवर चढणाऱ्या बससारखा गर्जत होता, पण हवा जागची हलत नव्हती. मग त्याने ड्रायव्हरच्या बाजूची खिडकी चार बोटे उघडली, त्याबरोबर तो धूर दोरीने ओढल्यासारखा बसची सारी लांबी कापून मागे पंख्याकडे निघाला. आत येण्यास वाट नसेल तर बाहेर काय जाणार? आजीच्या घरी चुलीसमोर परसदार उघडे असे, ते गारव्यासाठी नव्हे, हे मला चाळिशी उलटल्यावर परदेशात एका उदबत्तीने शिकविले. खिडकी उघडी ठेवणे ही केवळ सोय नव्हे; सर्व वाटा बंद करून पंखा ओढत राहिला तर तो वायूवर चालणाऱ्या उपकरणाच्या धुराड्यातूनच हवा उलटी आत खेचू शकतो, आणि तिच्यासोबत कार्बन मोनॉक्साइड हा वासहीन विषारी वायू आत येतो. त्याची वर्दी देणारे निराळे यंत्र बसविले आहे. आईने काळजी करू नये.

दुसरे कलम: केवढे. या देशातील फिरत्या घरांच्या टपावरील पंख्यांचे भोक चौदा इंच लांब, चौदा इंच रुंद असे रूढ आहे, त्यामुळे एक पंखा बिघडला तर दुसरा त्याच जागी बसतो. स्वयंपाकाच्या ओट्यापासून हातभर मागे, टपाच्या दोन कमानींच्या मधोमध जागा धरली. कमानीला मी करवत लावलेली नाही. इकडील कायद्याप्रमाणे शालेय बसच्या टपाने गाडीच्या रिकाम्या वजनाच्या दीडपट भार झेलून पाच पूर्णांक एक अष्टमांश इंचांहून अधिक दबता कामा नये, आणि तो भार या कमानी वाहतात. पोरांच्या डोक्यावरील त्या छत्राला धक्का लावण्याची माझी प्राज्ञा नाही. सात वेळा मोजले, नारळ वाढविला, मग करवत चालविली. कापलेली कड कानसून तिला गंजरोधक रंग दिला. पडलेला लोखंडी कीस लोहचुंबकाने कण न् कण वेचला, कारण ओला झाला की तो रंगावर तांबड्या देवीच्या व्रणांसारखा उठतो. बसचा टप कमानदार आणि पंख्याची चौकट सपाट, म्हणून मधे टपाचा बाक धरून घासलेली बैठक बसविली. चौकटीखाली ब्यूटिलची चिकट पट्टी आणि वरून आपणच पसरून सपाट होणारा लांबीचा लेप दिला. झाकणाचे तोंड गाडीच्या मागच्या दिशेस ठेवले आहे, नाहीतर धावत्या गाडीचा वारा ते मुळापासून उचलून आपल्यासारख्या एखाद्या सज्जनाच्या अंगणात नेऊन टाकील.

पुढील उन्हाळ्यात आपण उभयतां याल तेव्हा कॅस्केड पर्वत ओलांडून पूर्वेस जाऊ. घाट ओलांडताच कोकण संपून माणदेश लागावा, तसा तेथे पाऊस संपून कोरडा, तापलेला मुलूख सुरू होतो. संध्याकाळी गारवा उतरला की दिवसभराची कोंडलेली उष्ण हवा हाच पंखा दोन-चार मिनिटांत बाहेर फेकतो. खिडकीजवळची जागा आपली.

आता दिवा मालवतो. बाहेर थेंब वाजू लागले आहेत. घरी निजण्याऐवजी आम्ही चौघे आज अंगणात उभ्या असलेल्या बसमध्येच निजणार आहोत. पंखा तिसऱ्या पायरीवर चालू आहे, पुढची खिडकी चार बोटे उघडी आहे, आणि पंख्याच्या बरोबर खाली आईने दिलेली परात ठेवली आहे. तिकडे परात साण्याच्या वर असे. इकडे ती साक्षीदार म्हणून खाली आहे.

दि. १३, सकाळी ७

रात्री भजी झाली. कोणी खोकले नाही. पाऊस दहा वाजता लागला तो पहाटे पाचला थांबला. तिसऱ्या कलमाचे उत्तर: परात कोरडी आहे.

मातोश्रींस साष्टांग नमस्कार. कृपालोभ असावा, ही विज्ञापना.

आपला आज्ञाधारक पुत्र