बडबड्यांना नोकरी द्या

घरातलं बोलकं खेळणं सहसा बिघडून मरत नाही. त्याचा खून होतो, आणि तोही वडीलधाऱ्यांच्या हातून. जत्रेतून आणलेला प्लॅस्टिकचा मोबाइल एकच गाणं दिवसभर कोकलत राहतो, आणि एका रात्री पोर झोपल्यावर कोणीतरी गुपचूप त्याचे सेल काढून ठेवतं. सकाळी ‘बिघडला वाटतं’ असं सांगताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर जी निरागसता असते, ती पोराच्याही चेहऱ्यावर नसते. माझ्या मते हा अन्याय आहे. बोलणं हा खेळण्याचा गुन्हा नव्हे, बिनकारण बोलणं हा आहे. त्याला बोलायला एखादं कारण जोडून दिलं, की तोच बडबड्या घरातला कामाचा माणूस ठरतो.

पुरावा त्याच्या पोटातच आहे. मागचे स्क्रू काढले की तीन बटण-सेल, म्हणजे साडेचार व्होल्ट, रुपयाएवढा आठ ओहमचा स्पीकर आणि एक इवलीशी पट्टी दिसते. पट्टीवर डांबराचा थेंब पडावा तसा काळा ठिपका असतो. त्याखाली चिप, आणि चिपमध्ये सगळी बडबड. या ठिपक्याला हसू नये. १८९० साली एडिसनने बोलणारी बाहुली विकायला काढली तेव्हा तिच्या पोटात हँडल फिरवून चालवायचा छोटा फोनोग्राफ बसवावा लागला होता, आणि ती इतकी बिघडे की थोड्याच आठवड्यांत बाजारातून गेली. १९७८ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ‘स्पीक अँड स्पेल’मध्ये एका चिपकडून माणसासारखं बोलून घेतलं, तेव्हा ते नवल होतं. आज तेच नवल आपण सेल काढून माळ्यावर टाकतो. आणि बटण म्हणजे तरी काय? रबराच्या तळाला लावलेला काळा कार्बन तांब्याच्या दोन पट्ट्यांवर टेकतो, बस्स. त्या पट्ट्या पोराने जोडल्या, पाण्याने जोडल्या की दाराने, याची चिपला काडीचीही पर्वा नसते.

म्हणून त्या पट्ट्यांना दोन वायरी डकवून बाहेर काढायच्या. दारावरच्या बटणाला जोडल्या की घंटी तयार. कपाटाच्या दारावर चुंबक आणि चुंबक दूर गेला की जुळणारा रीड स्विच बसवला, की लाडवाच्या डब्यावर पहारा. वायरींची उघडी टोकं गच्चीवरच्या टाकीत काठाजवळ सोडली, की टाकी भरल्याची वर्दी. नळाच्या पाण्यातून वीज जरा कंजूषपणे वाहते, त्यामुळे काही चिपा तेवढ्यावर जाग्या होत नाहीत. मध्ये बीसी ५४७ हा काही रुपयांचा ट्रान्झिस्टर घातला की भागतं. मग टाकी भरली की बाहुली गच्चीवरून ‘आय लव्ह यू’ म्हणते आणि खाली कोणीतरी मोटर बंद करायला पळतं. प्रेमाचा इतका उपयोग एरवी कुठे होतो?

यावर पहिला आक्षेप असा, की टाकीचा बोलणारा अलार्म बाजारात तयार मिळतो, मग ही खटपट कशाला? बरोबर आहे, पण तो आणला तरी आधीचं खेळणं कचऱ्यात जातंच, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत विजेवरची खेळणीही आहेत. पुण्यात अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी केली. आपण खेळण्यांतून कचरा करतो, एवढाच फरक. दुसरा आक्षेप, की सेल उतरला की आवाज रेड्यासारखा होतो. होऊ द्या; सेल बदलायची याहून स्पष्ट सूचना कोणती? तिसरा, की त्यातले शब्द बदलता येत नाहीत. खरं आहे, पण एकच वाक्य घोळणारी माणसं आपण घरात सांभाळतोच. चौथा आक्षेप धोक्याचा, आणि त्यावर विनोद नाही: बटण-सेल गिळला गेला तर लहान मुलाच्या जिवावर बेततं. सेलचं झाकण स्क्रूने घट्ट बसवा आणि या पट्टीला घरातली २३० व्होल्टची वीज कधीही जोडू नका.

एवढं सांभाळून जुनं खेळणं विकण्याआधी एकदा दोन वायरी जोडून बघा. नाहीच जमलं, तर भंगारवाला कुठे पळून जात नाही.