नव्या वॉशिंग मशीनवर रीतसर नाराज कसे व्हावे
(मुर्री व पंचक्रोशीतील कुटुंबांसाठी मार्गदर्शिका)

नवं टॉप लोड मशीन घेणं सोपं आहे. गोंदियाच्या बाजारात जायचं, हप्ते बांधायचे, खोकं छोट्या हत्तीत टाकायचं आणि मुर्रीला उतरवून घ्यायचं. त्यावर पद्धतशीर नाराज होणं मात्र अवघड. मशीन कसं चालवावं हे सांगणारी जाडजूड पुस्तिका खोक्यात असते. कुरकुर कशी करावी याबद्दल तिच्यात अवाक्षर नसतं. ती उणीव भरून काढण्यासाठी पुढील सूचना.

सूचना 1 : पहिल्या धुण्याला घरातल्या सर्वांनी हजर राहावे. शेजारी आल्यास उत्तम. बटण दाबल्याबरोबर मशीन पाणी घेईल अशी सगळ्यांची अपेक्षा असते. तसं होत नाही. ते कोरडेच कपडे जरा इकडे, जरा तिकडे फिरवतं, थांबतं, पुन्हा फिरवतं. कपडे हलवायला मोटरीला किती जोर लागतो यावरून ते वजन ताडत असतं आणि पाणी किती घ्यायचं ते ठरवत असतं. हे तुम्हाला ठाऊक असलं तरी गप्प बसा. पहिला मान घरातल्या बुढीमायचा. "काहून वो, पानी नाही, साबन नाही, निसतीच फिरून राहिली हे?" एवढं त्या बोलल्या की मशीनची पत्रिका कायमची ठरते. पुढे ते कितीही स्वच्छ धुवो, घरात त्याची ओळख 'निसतीच फिरते ते' अशीच राहते.

सूचना 2 : पाणी पाहून मान हलवावी. जुन्या सेमी-ऑटोमॅटिकमध्ये बादलीनं पाणी ओतायचं, कपडे तरंगायला लागले की मनाला समाधान. नवं मशीन पाणी वाचवण्याच्या हिशोबानं घडवलेलं. थोड्या पाण्यात कपडे एकमेकांवर घासून धुवायचे असा त्याचा बेत. चादरी, शर्ट, मुलांचे गणवेश यांना तो बेत मानवतो. पण रोवणीच्या दिवसांत बांधीतून आलेलं लुगडं घाला. गुडघ्यापर्यंतचा चिखल ओच्यात वाळून टणक झालेला. धुणं आटोपल्याचं गाणं वाजतं, झाकण उघडावं तर चिखल लुगड्यातून सुटून बाकीच्या कपड्यांवर सारखा वाटला गेलेला. येथे नाराजी शंभर टक्के रास्त आहे. तरीही लुगडं आधी नळाखाली खंगाळून घ्यायला हवं होतं, असं सुनेनं म्हणू नये. मग मशीन कशाला आणली, हा पुढचा प्रश्न तयारच असतो.

सूचना 3 : झाकणाशी झटापट करावी. धुणं सुरू झाल्यावर खुंटीवरचा दुपट्टा दिसणं हा निसर्गनियम आहे. जुन्या मशीनचं झाकण उचलून तो आत ढकलता येत असे. नव्याचं झाकण पिळण सुरू झालं की बंद. आतला ड्रम मिनिटाला सुमारे 700 फेरे घेतो, त्यात हात गेला तर हात राहणार नाही, म्हणून ही तजवीज. घरच्यांचं दुःख वेगळंच असतं. झाकणाला कंपनीनं काच लावली आहे, आतलं सगळं दिसतं आणि काहीच करता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या धुण्यात हात घालणाऱ्या माणसाला नुसतं प्रेक्षक केलं, ही या झाकणाबद्दलची खरी तक्रार आहे.

सूचना 4 : टाकीकडे बोट दाखवण्यात घाई करू नये. मशीन पाण्याचा इशारा देऊन अडून बसलं की आधी कंपनी, मग दुकानदार, मग नळजोडणी करणारा, असा क्रम पाळा. खरं कारण बहुतेक वेळा वर, टाकीतच असतं. साधारणतः पुस्तिकेत पाण्याचा किमान दाब 0.03 ते 0.05 मेगापास्कल लिहिलेला असतो. म्हणजे टाकीतलं पाणी मशीनच्या नळापेक्षा 3 ते 5 मीटर उंच हवं. एकमजली घराच्या स्लॅबवर टेकवलेली टाकी हा हिशोब कसाबसा गाठते. बोअरच्या क्षारानं पाइपातली जाळी अर्धी बुजली की तेवढंही नाही. मग बादल्या भरून मशीनमध्ये ओतल्या जातात. फुल्ली ऑटोमॅटिक मशीनला घरातली दोन माणसं हातानं पाणी पाजत आहेत, हे दृश्य पाहुण्यांना दाखवू नये.

सूचना 5 : लाइन गेल्यावर शांत राहावे. उन्हाळ्यात सगळ्यांचे कूलर एकदम लागले की आधी व्होल्टेज बसतं, मग लाइन जाते. परत आली की पुष्कळशी नवी मशीनं जिथं थांबली तिथून पुढे सुरू होतात. हा गुण कौतुकाचा आहे, म्हणून त्याचा उल्लेख टाळावा.

सूचना 6 : देशविदेशातले दाखले द्यावेत. अमेरिकेत स्पीड क्वीन कंपनीनं 2018 साली आपल्या टॉप लोड मशीनची आतली रचना बदलली. मधला घुसळणारा खांब ड्रमच्या बरोबरीनं फिरू लागला, कपडे नीट निघत नाहीत म्हणून गिऱ्हाइकं खवळली, आणि कंपनीला जुन्या धाटणीचं मॉडेल पुन्हा बाजारात आणावं लागलं. आपल्याकडेही सॅमसंगनं 2015च्या सुमारास मशीनवरच कपडे चोळायचं छोटं बेसिन बसवलं. भारतीय बायका कॉलर नि बाही आधी हातानं घासतात, हे कुणीतरी नीट पाहिलं होतं. तात्पर्य, गिऱ्हाइकाचं गाऱ्हाणं योग्य कानी गेलं तर यंत्र बदलतं. हे तात्पर्य चारचौघांत सांगावं, पण आपल्याला लागू करू नये.

सूचना 7 : तक्रार सर्वांकडे करावी, नोंद कुठेही करू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. मशीनच सदोष निघालं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. ही माहिती पानठेल्यावर दुसऱ्यांना द्यावी.

सूचना 8 : समारोप. अखेर कंपनीचा माणूस येतो. जाळी काढतो, साफ करतो, चहा घेतो. पाणी कमी, झाकण उघडत नाही, चिखल निघत नाही, हे सगळं तो मान डोलावत ऐकतो. निघताना हात जोडतो : "ऑफिसातून फोन येईल जी. दहापैकी दहाच सांगजा. नाही तं माझा पगार कटते." बुढीमायच आतून ओरडतात, "सांगून दे बापा, लेकराच्या पोटावर कायले पाय द्याचा!" फोन येतो. आपण दहा म्हणतो.

मुर्रीचा अभिप्राय तेवढाच कंपनीत पोचतो. तो वाचूनच पुढच्या मॉडेलमध्ये पाणी आणखी कमी केलं जातं. ते बाजारात आल्यावर सूचना 1 पासून पुन्हा सुरुवात करावी.