काका, सोर्स काय?

पुण्यात टिळकांविषयी वाचायची पद्धत नाही. टिळक इथे ऐकूनच माहीत असतात. शेंगांची टरफलं, मंडाले, केसरीचे अग्रलेख हे सगळं आम्हाला मुंजीच्या आधीच तोंडपाठ. त्यामुळे बँकेतून निवृत्त झाल्यावर हौसेने एलएल.एम.ला नाव घातलं आणि प्रबंधिकेचा विषय द्यायची वेळ आली, तेव्हा मी क्षणाचाही विचार न करता 'राजद्रोहाचा कायदा आणि टिळकांचे खटले' असं लिहून दिलं. अर्धं काम झालेलंच आहे, नुसतं टाइप करायचं, असा हिशोब होता.

आमच्या गाईड मॅडम माझ्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान. मला प्रेमाने 'काका' म्हणतात. मात्र 'काका'च्या पुढे जे येतं ते बहुधा दखलपात्र असतं.

पहिल्या प्रकरणात मी दणक्यात लिहिलं, की १९०८ साली मुंबई हायकोर्टात बॅरिस्टर जिनांनी टिळकांचा खटला लढवला आणि टिळकांनी भर कोर्टात जन्मसिद्ध हक्काची गर्जना केली. तळटिपा नसतील तर प्रकरण वाचणार नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. म्हणून टाकल्या. तळटीप १ : 'सर्वश्रुत.' तळटीप २ : 'तत्रैव.'

"काका, 'सर्वश्रुत' हा ग्रंथ कुठल्या प्रकाशनाचा?" मॅडमनी विचारलं. समासात लाल शाईने लिहिलं होतं : सोर्स?

घरी येऊन इंटरनेटला साकडं घातलं. पाच ठिकाणी माझं म्हणणं जसंच्या तसं सापडलं. छाती फुगली. पाचही पत्ते तळटिपेत घातले. मॅडमनी पाचही पानं उघडली आणि दाखवलं, की पाचही ठिकाणी तो खटला चालवणाऱ्या न्यायमूर्ती दावरांच्या नावाची एकच चूक होती. म्हणजे एकाने लिहिलं आणि चौघांनी चिकटवलं. "काका, ऐकीव पुराव्याचं कलम तुम्हाला मागच्या सेमिस्टरला होतं ना?" होतं. चांगले मार्कही पडले होते.

मग भाच्याने सल्ला दिला, "मामा, एआयला विचार की!" विचारलं. त्याने विनयाने, शुद्ध भाषेत आणि अजिबात न अडखळता टिळकांच्या खटल्याचं सायटेशन, म्हणजे निकाल कुठे छापलाय त्याचा पत्ता, दिलं : ए.आय.आर. १९०९ एस.सी., पुढे पान क्रमांक. इतकं नेमकं उत्तर मला बँकेत हेड ऑफिसनेही कधी दिलं नव्हतं. मी ते ठळक टाइपात छापलं.

मॅडम बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या. "काका, सुप्रीम कोर्ट कधी सुरू झालं?"

"१९५०."

"आणि आपल्या नागपूरहून निघणाऱ्या ए.आय.आर.चे, 'ऑल इंडिया रिपोर्टर'चे, खंड कुठल्या सालापासूनचे?"

"१९१४."

"मग जे रिपोर्टर निघत नव्हतं, त्यात जे कोर्ट नव्हतं, त्याचा हा निकाल कोणी वाचला?"

मग त्यांनीच सांगितलं, की २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटबॉटने रचलेले निकाल खरे समजून विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात कोर्टापुढे ठेवले आणि त्यापायी पाच हजार डॉलरचा दंड बसला. मला किंचित बरं वाटलं. तिथे निदान फी घेणारे वकील होते. मी फी भरून हे करत होतो.

शेवटी ग्रंथालय गाठलं. 'बॉम्बे लॉ रिपोर्टर', खंड दहा, पान ८४८. ग्रंथपालांनी खंड टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "पानं सावकाश उलटा. आणि झेरॉक्स मिळणार नाही." पुठ्ठ्याची तांबडी भुकटी शर्टाच्या बाहीला लागली, चष्मा दोनदा पुसावा लागला. न. चिं. केळकरांनी १९०८ मध्येच छापलेला खटल्याचा शब्दशः वृत्तांतही शोधून काढला आणि वाचत बसलो.

जिना होते, पण जामिनाच्या अर्जापुरते. खटल्यात टिळकांनी आपली बाजू स्वतःच मांडली. न्यायमूर्ती दावरांनी तो जामीन नाकारला. हेच दिनशा दावर १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे होते! इतके गणपती झाले, इतकी व्याख्यानं झाली, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. ज्यूरी नऊ जणांची, कौल सात विरुद्ध दोन, शिक्षा सहा वर्षं. निकालानंतर टिळक जे बोलले त्यात जन्मसिद्ध हक्क नाही. ते शब्द वेगळेच आहेत आणि मुंबई हायकोर्टात पाटीवर कोरलेले आहेत. जन्मसिद्ध हक्काची घोषणा होमरूलच्या काळात गाजली. जिनांनी टिळकांची केस लढवून जिंकली तीही १९१६ सालची, चांगल्या वर्तणुकीच्या जामीनकीच्या हुकुमाची. म्हणजे माझ्या वाक्यातल्या दोन्ही गोष्टी घडल्या होत्या, फक्त मी त्या आठ वर्षं आधी घडवल्या होत्या.

आता मूळ रिपोर्टच हाताशी आले म्हटल्यावर मी सुसाट सुटलो. केदारनाथ सिंग विरुद्ध बिहार राज्य, १९६२, राजद्रोहावरचा सुप्रीम कोर्टाचा महत्त्वाचा निकाल. त्यातून एक झणझणीत उतारा उचलला आणि 'न्यायालय म्हणते' असं वर लिहिलं. मॅडम म्हणाल्या, "हे न्यायालय म्हणत नाही, वकील म्हणतात." जुन्या रिपोर्टांत निकालाच्या आधी दोन्ही बाजूंचे युक्तिवाद छापलेले असतात, आणि सर्वांत वरचा गोषवारा, म्हणजे हेडनोट, संपादकाने केलेला असतो. मी गोषवारा वाचला होता, युक्तिवाद उचलला होता. निकाल तेवढा राहिला होता.

उरलं राजद्रोहाचं कलम. त्याची मला काळजी नव्हती, कारण अप्पा बळवंत चौकातून अर्ध्या किमतीत घेतलेला, कायद्याचा नुसता मजकूर देणारा बेअर अ‍ॅक्ट घरात होता. त्यावरून मी छातीठोक वर्तमानकाळात लिहिलं : कलम १२४अ खाली शिक्षा होते. पुस्तकाने दगा दिला नव्हता. ते ज्या साली छापलं, त्या सालापुरतं खरंच होतं. पण मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे कलम स्थगित ठेवलं आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिताच गेली. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत आता कलम १५२ आहे, आणि त्याचे शब्द वेगळे आहेत. मॅडमनी समासात फक्त तारीख लिहिली. 'काका'सुद्धा लिहिलं नाही.

प्रबंधिका अखेर मंजूर झाली. जाडी निम्म्याने कमी झाली, तळटिपा दुपटीने वाढल्या. हल्ली लग्नाकार्यात कोणी टिळकांचा किस्सा सांगू लागलं, की माझ्या तोंडून "पान नंबर?" असं निघतं. त्यामुळे नातेवाईक मला वाढप्यांच्या बाजूला बसवतात.

कायद्यावर लिहू पाहणाऱ्यांना एवढंच सांगतो. कलम आजच्या तारखेचं आहे का ते बघा. निकाल मुळातून वाचा आणि तो पुढे कोणी फिरवला नाही ना, हे तपासा. टीकाग्रंथ त्यानंतर. चॅटबॉटने दिलेलं सायटेशन रिपोर्टरमध्ये सापडेपर्यंत अफवा समजा. सुप्रीम कोर्टाचे अधिकृत रिपोर्ट २०२३ पासून ई-एससीआरवर फुकट मिळतात. फुकट असूनही ते न वाचण्याचं स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे. फक्त मग त्यांच्यावर पेपर लिहू नये.