उमेदवाराचे वडील

(रंगमंचावर एक गुळगुळीत सोफा, शेजारी प्लास्टिकच्या झाडाची कुंडी. साठी ओलांडलेले गृहस्थ येतात. काखेत सुतळीनं बांधलेली फाइल, हातात डब्याची पिशवी, छातीवर ‘व्हिजिटर’ची चिकटपट्टी. प्रेक्षकांकडे पाहतात आणि चेहरा खुलतो.)

अरे वा! बाकीचे पालकही आलेत की! मला वाटलं मी एकटाच. बसा, बसा. उठू नका.

मी बडीचावडीहून आलो. सुलतान बाजारला मेट्रो धरली, एमजीबीएसला बदलली, अमीरपेटला पुन्हा बदलली, रायदुर्गला उतरलो. इथं सगळ्या इमारती काचेच्या. जिकडे बघावं तिकडे मीच येताना दिसतोय. गेटवर सिक्युरिटीवाला म्हणाला, “चचा, किससे मिलना है?” म्हटलं, “जो नौकरी देता, उससे.” “अपॉइंटमेंट है?” म्हटलं, “हौ मियाँ, उसीच के वास्ते तो आया!”

सोडलं त्यानं. पण पाहुणा आत एकट्यानं फिरायचा नाही म्हणे. म्हणजे मला सोबत लागते, आणि मुलाखतीला आमच्या चिरंजीवांना लागत नाही! वय वर्षं सत्तावीस. कालपर्यंत त्याच्या ताटातल्या भातातले मिरे आमची ही वेचून काढत होती.

आमच्या घराण्यात बापाशिवाय नोकरी लागलेलीच नाही. माझे आजोबा निजामाच्या महसूल खात्यात. त्या काळी नोकरीला मुलकी असल्याचा दाखला लागायचा. गैरमुलकी म्हणजे बाहेरचा. पणजोबा शेरवानी घालून, दाखला घेऊन, आजोबांचा हात धरून साहेबापुढे उभे. दरख्वास्त उर्दूत, सलाम पणजोबांचा, नोकरी आजोबांना. साहेबानं आजोबांना एक शब्द विचारला नाही. विचारणार काय? बाप समोर उभा होता ना!

पुढं 1 नोव्हेंबर 1956. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, आम्ही राहिलो इथंच, हैदराबादेत. सुलतान बाजार सोडवेना. मी शिकलो विवेकवर्धिनीत, आणि लागलो सैफाबादला ए.जी. ऑफिसात, म्हणजे महालेखापालांच्या कचेरीत, ऑडिटर. कसा लागलो? परीक्षा देऊन. पण परीक्षेच्या हॉलबाहेर पाच तास ऊन खात कोण उभं होतं? वडील!

(फाइल सोडत.) ऑडिटर माणूस, त्यामुळं चिरंजीवांचा रेझ्युमे आधी माझ्याकडे आला. म्हणजे त्यानं दिला नाही. प्रिंटरमध्ये राहिला होता. लाल शाईनं तपासला. पहिली ओळ, ‘सेल्फ-स्टार्टर’. ही म्हणाली, खोडा ते. सकाळी आठला पांघरूण ओढल्याशिवाय स्टार्ट होत नाही. दुसरी ओळ, ‘टीम प्लेअर’. कुठली टीम? पुरावा जोडलेला नाही. पुढं 2021 मध्ये सात महिन्यांचा खंड. मी रीतसर हाफ मार्जिनवर आक्षेप काढला. डाव्या बाजूला माझा प्रश्न, उजवी बाजू त्याच्या उत्तरासाठी कोरी. ‘सदर कालावधीत उमेदवार कोठे होता?’ त्यानं खाली लिहिलं, ‘तुमच्यासमोर. सोफ्यावर.’

(गंभीरपणे.) आक्षेपाचा पॅरा अजून ड्रॉप झालेला नाही.

मग त्याला अमीरपेटला क्लासला घातला. बघितलंय ना मैत्रीवनमच्या आसपास? खांबागणिक जावा, पायथन, डेटा सायन्स. पहिला वर्ग फुकट, डेमो. मी आधी स्वतः जाऊन बसलो, पहिल्या बाकावर. मला समजलं, तरच मुलाला घालायचा. मला काही समजलं नाही. म्हटलं, म्हणजे अवघड आहे, चांगलं असणार!

(फोन वाजतो. दबक्या आवाजात.) हां, बोल. सुरू झाली? … मग तू दारापासून जरा लांब बस ना. … हे बघ, कुकर लावू नकोस. शिट्टी झाली की तिकडं ऐकू जातं. … बरं, ऐक आणि सांग. (फोन खाली घेतात. प्रेक्षकांकडे बघून.)

काय? चिरंजीव? ते घरी आहेत. मुलाखत ऑनलाइन आहे.

(थांबून.) म्हणून तर आलो! तो तिकडं पडद्यावर नुसता खांद्यापर्यंत दिसणार. घराणं कसं दिसणार? कुणीतरी प्रत्यक्ष नको? त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर येऊ दिलं नसतं. कामात अडथळे येतात ते सांगितल्यामुळंच.

आणि हे काही माझ्या मनचं नाही हो. पेप्सिकोच्या इंद्रा नूयी, एवढी मोठी बाई, आपल्या बड्या बड्या अधिकाऱ्यांच्या आई-वडिलांना पत्रं पाठवायच्या. तुमचा मुलगा इथं काय काम करतो, असा मुलगा आम्हाला दिल्याबद्दल आभार! लिंक्डइननं तर 2013 मध्ये आई-बापांना ऑफिस दाखवायला न्यायचा खास दिवसच सुरू केला. हे मी इथल्या रिसेप्शनच्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, “अंकल, तो वर्षातून एकच दिवस असतो. आज नाहीये.”

मग मी तिच्याकडे कंपनीची बॅलन्स शीट मागितली. तिनं पाणी दिलं.

हसू नका. हैदराबादच्या बापानं बॅलन्स शीट नाही मागायची तर कुणी मागायची? 7 जानेवारी 2009! सत्यम कंपनीच्या रामलिंग राजूंचं पत्र आलं. रोकड आणि बँकेतली शिल्लक म्हणून जे दाखवलं होतं, त्यातले 5,040 कोटी रुपये नव्हतेच! त्या दिवशी ए.जी. ऑफिसच्या कँटीनमध्ये कुणी चहा घेतला नाही. आम्ही तीन रुपयांच्या रिक्षाच्या व्हाउचरसाठी माणसाला तीन महिने फिरवणारे लोक! आणि आमच्या गल्लीत तर त्या महिन्यात कंपनीचं नाव सांगून मुलगी मागायची सोय राहिली नाही.

(फोन.) हां. … वीकनेस विचारला? काय म्हणाला? … ‘मी परफेक्शनिस्ट आहे’? (कपाळाला हात.) मग तू काय केलंस? … दारातून ओरडलीस? ‘ओला टॉवेल पलंगावर असतो’ म्हणून? … अगं, खरं आहे ते! पण विचारलेलं त्याला होतं! … हसले? कोण, तिकडचे? हसले म्हणजे चांगलं की वाईट? … बरं, ठेव.

(बसतात.) तशी या कंपनीची आणि माझी ओळख आहे. मागच्या आठवड्यात एचआरचा फोन आला, चिरंजीव अंघोळीला. मी घेतला. ती पोरगी म्हणाली, “एक्स्पेक्टेशन काय आहे सर?” म्हटलं, पेन्शन आहे का? पलीकडं शांतता. म्हटलं, लाजू नका, 1 जानेवारी 2004 पासून लागलेल्यांची जुनी पेन्शन सरकारनंसुद्धा बंद केली. मग ती सीटीसी वाचायला लागली. अठरा लाख. म्हटलं, फोड सांगा. बेसिक किती? त्यात ग्रॅच्युइटी धरलीय? म्हणाली, “हो सर, बेसिकच्या 4.81 टक्के.” म्हटलं, म्हणजे पंधरा भागिले सव्वीस, भागिले बारा. बरोबर! पण ती मिळणार पाच वर्षं टिकला तर! मग तो आजचा पगार कसा झाला? आणि तुमच्या वाट्याचा पीएफ, तोही अठरातच? म्हणजे हातात येणार ते अठरा नाहीत. उरलेले अठराच्या शोभेला! पोरगी थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, “सर, तुमचं प्रोफाइल फारच स्ट्राँग आहे.”

चिरंजीव टॉवेल गुंडाळून मागं उभे होते. दोन दिवस बोलले नाहीत.

बरं, नुसतं इथंच धावलो असं नाही. चिलकूरला बालाजीलाही जाऊन आलो. व्हिसा बालाजी! नवस बोलताना अकरा प्रदक्षिणा, काम झालं की एकशे आठ. चिरंजीवांना वेळ नाही, अकरा मी घातल्या. फार स्वच्छ कारभार. हुंडीच नाही तिथं! ऑडिटला वावच ठेवलेला नाही देवानं. आता घरात वाद असा आहे, की एकशे आठ ऑफर लेटरवर घालायच्या की जॉइनिंगनंतर? ही म्हणते, ऑफर लेटर म्हणजे साखरपुडा. मोडू शकतो. आणि माझे गुडघे म्हणतात, प्रोबेशन संपेपर्यंत थांबा.

(फोन वाजतो. पडद्यावरचं नाव बघून दचकतात. उभे राहतात.)

हॅलो… हां बाळ. … मी? मी भाजीला आलोय. मोंढा मार्केटला. … आवाज? एसीचा आहे. हल्ली भाजीलाही लावतात. … झाली मुलाखत? काय म्हणाले? … झालं? … झालं! (सोफ्यावर कोसळतात.) … काय? पगाराचा कागद पाठवला? … परत बोल.

(फोनवर हात ठेवून, प्रेक्षकांना.) म्हणतोय, “बाबा, यात ग्रॅच्युइटी कशी धरलीय, जरा बघता?” स्वतःहून! मी न मागता कागद दाखवतोय!

(फोनवर, घसा खाकरून.) बघतो. पण तोंडी नाही. लेखी दे, हाफ मार्जिनवर. … हां, हां, पाठव. … सही करू नकोस रे इतक्यात! … पोस्टिंग? इथंच ना? … कुठं? … पुणे? … हिंजवडी.

(थोडा वेळ काही बोलत नाहीत. फाइलची सुतळी बांधू लागतात.)

छान आहे पुणे. आपलीच माणसं. … नाही, मला काय वाटायचंय? … आई काय म्हणाली? … बॅग भरतेय? अरे, जॉइनिंगला महिना आहे ना तुझ्या? … तुझी नाही? … स्वतःची!

(फोन ठेवतात. पिशवी उचलतात. दोन पावलं जातात, मग रंगमंचाच्या अगदी पुढं येऊन, आवाज खाली घेऊन.)

तुमच्यापैकी कुणाचं पुण्याला आहे का हो? हिंजवडीच्या जवळपास, दोन खोल्या, तळमजला. गुडघ्यांमुळं. डिपॉझिट फार नको, आणि भाड्याची पावती मात्र लागेल. असली जागा तर दारात मला सांगून जा. भाडेकरू एकटाच आहे, बॅचलर मुलगा, निर्व्यसनी. आम्ही दोघं नुसते सोबतीला.