नवतपातला नववा महिना

मे महिन्यात नववा चालू आहे म्हटलं की ऐकणाऱ्याचा चेहरा आधी पडतो आणि मग तो सहानुभूतीच्या तयारीला लागतो. "बाप्पा, ऐन नवतपात? कसं होईन वो तुमचं!" नवतप म्हणजे मे-अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे दिवस, आणि हे वाक्य नागपुरात मी इतक्यांदा ऐकलं, की शेवटी शेजारच्या काकूंची समजूत मीच काढायला लागले. जानेवारीत बाळंत होणारी बाई हुशार, पुढचा-मागचा विचार करणारी; आणि जूनवाली म्हणजे कालनिर्णय न बघता संसार करणारी, असा आपल्याकडे एक समज आहे. माझं एक बाळंतपण हिवाळ्यातलं आणि एक भर उन्हाळ्यातलं. दोन्ही बाजूंची साक्षीदार म्हणून सांगते, उन्हाळ्याची उगाच फार बदनामी झाली आहे.

आधी पंख्याचा विषय घेऊ, कारण नवरा-बायकोची बरीच भांडणं तिथूनच सुरू होतात. गरोदर बाईला बारा महिने उकडतं. शेवटच्या महिन्यांत अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट झालेलं असतं, चयापचय वाढलेला असतो, कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. त्यात पोटातल्या बाळाचं तापमान आईपेक्षा साधारण अर्ध्या अंशाने जास्तच. बाळ बिचारं आत ना वारा घेऊ शकत, ना कूस बदलून भिंतीला टेकू शकत. त्याची बहुतेक उष्णता वारेतून आईच्या रक्तात येते आणि आईच्या कातडीवाटे बाहेर पडते. थोडक्यात, बाळाचा कूलर आपणच आणि त्याच्या टाकीत पाणी भरायचं कामही आपलंच.

आता हे सगळं डिसेंबरात सुरू असतं तेव्हा काय होतं बघा. नागपूरची थंडी दहा अंशांवर उतरलेली. घर रजईत शिरलेलं. अशा वेळी रात्री अकराला मी पंख्याचं बटण दाबायची. नवरा कानटोपी सावरत उठून बसायचा आणि "अगं, बरी आहेस ना?" असं विचारायचा. त्या प्रश्नात काळजी कमी आणि संशय जास्त असे. सासूबाई दारातूनच म्हणायच्या, "अशाने बाळाला सर्दी होईल." पोटातल्या बाळाला सर्दी कशी होईल, हे विचारण्याइतकं त्राण माझ्यात नसायचं. त्या हिवाळ्यात एका पंख्यापायी माझी हट्टी सून म्हणून नोंद झाली. मे महिन्यात तोच पंखा सर्वानुमते पाचावर असतो. कूलर माझ्याकडे वळवलेला असतो. इतकंच नाही, "तिला नीट वारा लागतोय का बघ रे," असं म्हणणाऱ्याही सासूबाईच असतात.

माणसं त्याच घरातली, मग हा फरक का पडला? कारण उन्हाळ्यात सगळं घरच गरोदर असतं. सासऱ्यांना जेवण झालं की पाटावरून उठवत नाही. नणंदेला अन्नावर वासना नसते, काहीतरी आंबट हवं असतं. नवरा संध्याकाळी घरी येतो तो मोजे काढून घोट्यावर उमटलेल्या वळाकडे बघत बसतो आणि "पाय सुजलेत गं" म्हणतो. रात्री कुणालाच एका कुशीवर झोप लागत नाही. तांबे भरभरून पाणी प्यायल्याने अपरात्री उठावं लागतं. फोडणीच्या वासाने जीव नकोसा होतो आणि कुणी साधं "चहा घेणार का?" विचारलं तरी चिडचिड होते. हिवाळ्यात ही सगळी लक्षणं माझ्या एकटीची होती, म्हणून ती नखरे ठरली. उन्हाळ्यात तीच लक्षणं घरभर पसरली आणि एकदम हवामानाचा भाग झाली.

डोहाळ्यांचंही तसंच. कैरी मागणारी गरोदर नायिका सिनेमात कुठल्याही ऋतूत दिसते, पण खऱ्या डिसेंबरात कैरीचा डोहाळा लागला तर आवळ्यावर भागवावं लागतं. मे महिन्यात मात्र निसर्ग खुद्द सरबराईला उभा असतो. पन्हं, तक्कू, मेथांबा, मीठ-तिखट लावलेल्या फोडी, फ्रिजमधलं टरबूज, माठाजवळ ठेवलेली काकडी. बरं, डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाची लाळ गळते, असं आपल्याकडच्या म्हाताऱ्या सांगतात. त्यामुळे नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही. पंचाईत होते ती आंब्याची. आंबा उष्ण, तो गरोदरपणी जपून खावा, हेही त्याच म्हाताऱ्या सांगतात. दोन शास्त्रवचनांची अशी टक्कर झाली की सासूबाई मधला मार्ग काढायच्या. आंबे सकाळपासून बादलीत बुडवून ठेवायचे, म्हणजे त्यांची उष्णता जाते आणि आपला धर्मही राहतो. रसाच्या वाटीवर वरून चमचाभर तूप पडे, ते वेगळंच.

आंब्याचा खरा शत्रू उष्णता नसून साखर. गरोदरपणात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त तपासतात. हिवाळ्यात ते गोडमिट्ट पाणी घशाखाली उतरता उतरत नव्हतं. मे महिन्यात उन्हातून प्रयोगशाळेत पोचलेल्या बाईला मात्र ते एका दमात पिता येतं. दुसरा पेला मिळेल का, असं विचारण्याचा मोहसुद्धा होतो. आकडा १४०च्या आत राहिला तर बादलीतला आंबा आपला. वर गेला तर फोडी मोजून. आणखी एक बारीक गोष्ट: सारखा बर्फ चघळावासा वाटत असेल तर ते सगळं खापर उन्हाळ्यावर फोडू नये. रक्तातलं लोह कमी झाल्याचीही ती खूण असू शकते. डॉक्टरांच्या कानावर घालावं आणि लोहाच्या गोळ्या उशाशी न साठवता पोटात घालाव्यात.

आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे वाळवणांचा हंगाम. कुरडया, सरगुंडे, मुगवड्या, उडदाचे पापड. पहाटे उठून गव्हाचा चीक घोटायचा, तो गरम असतानाच सोऱ्यात भरायचा, गच्चीवर वाकून वाकून कुरडया घालायच्या. एरवी या कामातून सुटका फक्त परगावी गेलेल्यांची. आठव्या महिन्यातल्या बाईला मात्र सन्मानाने जिन्याच्या सावलीत खुर्ची मिळते आणि हातात कावळे हाकलायची काठी. घरातलं यापेक्षा चांगलं पद माझ्या वाट्याला पुन्हा कधी आलं नाही. कारण राखण करणाऱ्याला चव बघावी लागते. वाटीभर गरम चीक दूध-साखर घालून एकदा, तेल-मीठ घालून एकदा. पापडाच्या लाट्या तेलात बुडवून. अर्धवट वाळलेली कुरडई, ती तर कावळ्याच्या नावावर खपते. त्या वर्षी आमच्या गच्चीवर कावळे फार झाले होते, असं सासूबाई अजून सांगतात.

लग्नसराईही याच दिवसांत. दुपारी साडेबाराचा मुहूर्त, पत्र्याचा मांडव, अंगात भरजरी शालू, डोक्यावर अक्षता आणि पाठीवर घामाच्या धारा. गरोदर बाईला यातून दोन्ही वाटा मोकळ्या असतात. जायचं नसेल तर "या दिवसांत उन्हातून कशी पाठवू?" हे उत्तर सासूबाईच परस्पर देतात आणि समोरचा मान डोलावतो. जायचंच असेल तर सुती साडी नेसून जावं. कुणी नाव ठेवत नाही. जम्बो कूलरसमोरची जी खुर्ची वरमाईलाही मिळत नाही, ती आपल्यासाठी रिकामी होते. पहिल्या पंगतीत वाढलं जातं, तेही बसल्या जागी. आहेराचं पाकीट दुसऱ्याच्या हाती देता येतं आणि फोटोसाठी स्टेजवर चढावं लागत नाही.

नोकरी करणाऱ्या बायकांचा एक फायदा तर उघडपणे कुणी बोलतच नाही. कायद्याने २०१७पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे आणि त्यातले आठपर्यंत आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. हिवाळ्यात मला ते केव्हा घेते असं झालं होतं. उन्हाळ्यात मी शेवटपर्यंत कामावर गेले. साहेबांनी माझ्या निष्ठेचं कौतुक केलं, इतर सहकाऱ्यांना माझं उदाहरण दिलं. ऑफिसात एसी होता आणि घरी नव्हता, ही गोष्ट मी त्यांच्या लक्षात आणून दिली नाही. रजेचे आठवडे बाळासाठी शिल्लक राहिले, हा वरचा नफा.

घरातली सगळ्यात गार खोली मिळणं हा आणखी एक. एरवी ती सासऱ्यांची: तळमजल्यावरची, जाड भिंतींची, दुपारीही दिवा लावावा लागेल अशी. वरच्या मजल्यावर स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर आपल्याला तापवतो. ही साधी गोष्ट मोठमोठ्या इमारतींनाही लागू पडते. २०१०च्या मे महिन्यातल्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादेतल्या एका रुग्णालयाने नवजात बाळांचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावरून खाली आणला, आणि उन्हाने आजारी पडणाऱ्या बाळांची संख्या घटली. आमच्या सासऱ्यांनी असला कुठलाही अहवाल न वाचता आपली गादी गुंडाळली आणि ते वर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "वर फार छान वारा येतो." रात्रभर वारा पडलेला होता, हे आम्ही दोघंही जाणून होतो.

उन्हाळ्यातल्या रात्रींबद्दल मात्र मी कृतज्ञच आहे. शेवटच्या महिन्यांत झोप येत नाही. हिवाळ्यात रात्री दोनला जागी असलेली बाई फार एकटी असते. सगळं गाव गाढ झोपलेलं आणि आपण घड्याळाकडे बघत. मे महिन्यात दोन वाजता अर्धा मोहल्ला जागा असतो. वीज गेली की माणसं गच्चीवर येतात. कुणी सतरंजी ओली करून पसरतो, कुणी पुठ्ठ्याने वारा घेतो, कुणाचं पोर रडतं आणि चार घरांतून त्याला गाणी ऐकू येतात. अशाच एका रात्री सासरे मला त्यांच्या आईबद्दल सांगत बसले. त्यांचा जन्म ज्येष्ठातला. त्यांच्या आईने आठव्या महिन्यात विहिरीचं पाणी काढलं होतं, घरच्या सगळ्यांसाठी. "आम्ही कुणी कधी विचारलंच नाही, तुला किती उकडलं म्हणून," असं म्हणून ते पाण्याचा तांब्या भरून आणायला गेले. हिवाळ्यात ही गोष्ट मला ऐकायला मिळाली नसती.

याच ठिकाणी थांबून एक गोष्ट सरळ सांगायला हवी. मी वर मांडलेले सगळे फायदे सावलीतले आहेत. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या जंगलात तेंदूपत्त्याचा हंगाम याच एप्रिल-मे महिन्यांत असतो, आणि पहाटे पानं तोडायला जाणाऱ्यांत पोटुशा बायकाही असतात. वीटभट्टीवर, बांधकामावर, हंडा घेऊन टँकरच्या रांगेत त्या असतातच. त्यांच्यासाठी कुणी कूलर वळवत नाही. कडक उन्हाळ्यात दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याचा धोका वाढतो, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. तेव्हा उन्हात काम करणाऱ्या बाईला सावली, पाणी आणि दुपारची सुट्टी देणं हे औषधोपचाराइतकंच गरजेचं. सावलीतल्या बाईनेही घेरी आली, डोकं ठणकायला लागलं, लघवी कमी झाली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर "ऊन लागलं असेल" म्हणून घरी पन्हं पीत बसू नये. सरळ दवाखाना गाठावा.

आणि बाळ झाल्यावर? माझं जूनच्या पहिल्या आठवड्यात झालं. सुरुवातीचे काही दिवस लंगोट दोरीवर टाकेपर्यंत वाळत होते. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवायची गोष्ट माझ्या मावशीने काढली, तेव्हा बाहेरचा पारा बघून तिने ती स्वतःच मागे घेतली. धूर गेला, शेक गेला, कानाला बांधायचं फडकं तेवढं राहिलं. हिवाळ्यात या तिन्हींतून माझी सुटका झाली नव्हती.

तेव्हा माझा निकाल उन्हाळ्याच्या बाजूने. मात्र त्यात उन्हाचं कौतुक फारसं नाही. गरोदर बाईला काय होतं, हे एरवी घराला सांगून पटत नाही. उन्हाळ्यात ते प्रत्येकाला आपल्या अंगावर कळतं, एवढाच काय तो त्याचा गुण. तुमच्या घरी या मे महिन्यात कुणी पोटुशी असेल, तर कूलरची टाकी तिच्या आधी उठून तुम्ही भरा. आणि तिचे दिवस डिसेंबरात भरत असतील, तर कानटोपी घाला, रजई ओढून घ्या, पण रात्री अकराला तिने लावलेला पंखा बंद करू नका.